हजेरीचं पाणी

आबा, तुम्ही आता मोबाइलवर आला आहात. खरं म्हणजे तुम्ही नाही, तुमच्या तमाशातला विखारराव आलाय. कुणीतरी जुन्या कॅसेटवरून तुमचं ते हसणं उचललं आणि मोबाइलवर सोडून दिलं, आणि आता जुन्नर-आंबेगावात असं एक गाव उरलं नाही जिथं ते वाजत नाही. नवरदेव घोड्यावरून घसरला, त्यावर तुमचं हसू. कांद्याचा भाव पडला, रस्त्यात ओतलेल्या कांद्याचा फोटो, त्यावर तुमचं हसू. उसात बिबट्याचे डोळे चमकले तर त्यावर हमखास तुमचंच. आधी ती ओळ येते, "गाव माजं, गावाचं पाणी माजं, आन् पाण्यातलं तुजं त्वांडबी माजं!" आणि मग तुम्ही हसता. खोल, सावकाश, विहिरीत दगड टाकल्यावर आतून येतो तसा आवाज. चाळीस वर्षं झाली असतील तुम्हाला जाऊन. त्या हसण्याचं वय मात्र एका दिवसानंही वाढलेलं नाही.

मला हे पहिल्यांदा कळलं ते माझ्याच दुकानात. मंचरला एसटी स्टँडमागच्या गल्लीत माझं दुकान आहे, तुम्हाला माहीत असायचं कारण नाही. फॅन्सी ड्रेस शिवते आणि भाड्यानं देते. शाळेचं गॅदरिंग आलं की देव, राक्षस, भाजीवाली, पोलीस, सगळे माझ्याच खुंट्यांवर लटकत असतात. पाण्याच्या टाक्यांच्या एका दुकानानं उद्घाटनाला नाचवायला एक हत्ती शिवून घेतला होता, तो नंतर नेलाच नाही. तोही भाड्यानं जातो. या धंद्यात एक गोष्ट मी शिकले. नायकाच्या कपड्यांना इस्त्री लागते आणि राक्षसाच्या कपड्यांना गिऱ्हाईक शोधावं लागत नाही, ते आपोआप येतं. आया म्हणतात, आमच्या बाळाला राजा करायचाय, आणि बाळ काळ्या झग्याला आणि शिंगांना गच्च धरून बसलेलं असतं. मी झगाच बांधायला घेते. कोणतं भाडं मिळणार ते मला ठाऊक असतं.

तर एक शाळेतल्या बाई बिबट्याचा ड्रेस न्यायला आल्या होत्या. हल्ली आमच्याकडे शाळाशाळांतून बिबट्या नाचवतात. उसात एकटं जाऊ नका, अंगणात वाकून बसू नका, असं मुलांना शिकवायचं असतं, आणि शिकवायला बिबट्याच लागतो. तरुण होत्या बाई. बिबट्याचं डोकं हातात घेऊन त्या म्हणाल्या, "मावशी, याला आवाज पण लावणारे आम्ही. ऐकलंय का हे?" आणि त्यांनी मोबाइल पुढं केला. मी शिवणयंत्रावर होते. पाय थांबला. बाई म्हणाल्या, "लई भारी हसतो ना? कोण व्हता हो हा विखारराव?" मी म्हटलं, "माझे वडील." बाईंना वाटलं मी चेष्टा करतेय. "काय पण मावशी तुमी!" असं म्हणून त्या खूप हसल्या, आणि अनामत रक्कम ठेवून बिबट्या घेऊन गेल्या.

त्यांचा राग नाही आला मला. रागच यायचा तर कुणाकुणाचा यावा? तुम्ही विखारराव होतात हे अख्ख्या मुलखाला माहीत होतं, आणि तुम्ही त्याच्याशिवाय कोण होतात हे कुणालाच माहीत नव्हतं. यात्रेच्या हंगामात बैलगाडीत बसून लोक दुसऱ्या गावाला जायचे ते तुमचा वग बघायला. नायक कोण, नाची कोण, याची चौकशी नंतर. "इखारराव हाये ना फडात?" हे पहिलं. शाळेत पोरी मला विचारायच्या, तुझा बाप घरीपण तसाच हसतो का? मी हो म्हणायचे. एवढंच नाही, जेवताना हसतो, झोपेत हसतो, असंही सांगायचे. त्यामुळे वर्गात माझ्या वाटेला कुणी जात नसे. दुसरं काही तुमच्याकडून मिळालं नसेल, पण ती वट मिळाली, आणि मी ती पुरेपूर वापरली.

घरी तुम्ही हसत नव्हतात. घरी तुम्ही बोलतच नव्हतात. घसा राखायचा असायचा. दसऱ्याला फड निघाला की महिन्या-दोन महिन्यांतून एखादा दिवस ट्रकमधून उतरून यायचात, गळ्याला मफलर, तोंडात ज्येष्ठमधाची काडी. आईनं चुलीवर पाणी कोमट करून ठेवलेलं असायचं. तुम्ही भिंतीला टेकून बसायचात. तांब्या जमिनीवर वाजवलात की पाणी, ताट वाजवलंत की भाकरी, आणि बोट वर केलंत की पोरं गप्प. पोरं म्हणजे मीच. मला वाटायचं सगळ्यांचे बाप असेच असतात, भांडी वाजवतात. पावसाळ्यात फड बंद झाल्यावर तरी तुम्ही बोलाल, तर तेव्हा वैद्यानं सांगितलेलं मौन. हंगामभर ओरडून घसा सोलून निघालेला असायचा, तो पुढच्या दसऱ्यापर्यंत भरून यायला हवा. विखाररावाचा घसा. आपण सगळे मिळून घरात त्याचा घसा सांभाळत होतो, एखाद्याच्या दारात दुसऱ्याची दुभती म्हैस बांधलेली असावी तसं. दूध त्याचं, शेण काढायचं आम्ही.

आता हे लिहिताना मला राग येतोय, हे खरं. चुलीपुढची आई दिसते. ती तुमच्याशी बोलायची आणि तुमच्या वाटचं उत्तरही तीच द्यायची. "आवं, पोरीची फी भरायचीय. भरूया म्हंता? बरं." भाकरी थापता थापता तिचा हा संसार चालायचा. तुम्ही मान हलवायचात. तुम्ही वाईट नव्हतात, आबा. माझ्या अंगावर कधी हात टाकला नाहीत. एकदा कुठल्याशा यात्रेतून माझ्यासाठी कात्री आणलीत, चांगली जड, काळ्या मुठीची, अजून मी तिनंच कापड कापते. ती देताना तुम्ही चक्क बोललात. म्हणालात, "घे. कापताना घाई करू नगो." शब्द मला पाठ आहेत. पण ते आठवायला गेले की माझ्या डोक्यात ते विखारराव म्हणतो. त्याच्याच त्या खालच्या, घोळवून घोळवून बोलण्याच्या पद्धतीनं, "घाई... करू... नगो." आणि कात्री हातात थांबते. बापानं लेकीला प्रेमानं दिलेली वस्तू, आणि तिच्याबरोबर धमकी दिल्यासारखं वाटतं. याला काय करायचं सांगा.

आणि तो तर माझ्याशी एकदा बोललाच होता. आपल्या अवसरीच्या जवळच फडाचा मुक्काम होता, मी सात-आठ वर्षांची असेन. आई मला डबा देऊन कनातीच्या मागं पाठवते. मी कनात उचलून आत शिरते. तुम्ही आरशापुढं बसलेले आहात, तोंडाला सफेदा लागलेला, भुवया काजळानं कपाळापर्यंत नेलेल्या, मिशी अजून हातात आहे. मी म्हणते, "आबा, डबा." तुम्ही मागं वळता. "कोण आबा?" तुम्ही विचारता. "कुणाचा आबा? हितं कुणी आबा न्हाई." तो आवाज तुमचा नव्हता, त्याचा होता. डबा माझ्या हातातून पडला आणि बेसन मातीत गेलं. नंतर फडातल्या बायकांनी मला जवळ घेऊन सांगितलं की रंग लागला की नातं बोलायचं नसतं, त्यानं सोंग हलतं, सगळ्यांचाच तो नियम आहे, तुला कुणी सांगितला नव्हता एवढंच. नियम मला लगेच कळला. त्यानंतर मी रंग नसलेल्या तोंडालाही आबा म्हणायच्या आधी नीट बघून घ्यायचे.

त्या वगात विखारराव गावाची विहीर बंद करतो. दुष्काळात बायका घागरी घेऊन उभ्या असतात आणि हा विहिरीच्या काठावर पाय सोडून बसतो आणि ती ओळ म्हणतो. लोक एवढे पेटायचे की स्टेजवर चपला पडायच्या. तुम्ही त्या चपला मोजायचात म्हणे, आणि जोडी जुळली तर घालायचात. हे मी लोकांकडून ऐकलं. पण सकाळी पंचाईत व्हायची. वग संपून लोक घरी जायचे, तुम्ही तोंड धुऊन गावात पाणी प्यायला जायचात, आणि बायका पाणी देत नसत. एका गावात तर एक म्हातारी घागर पोटाशी धरून म्हणाली होती, "आमचं पाणी तोडलंस मुडद्या, आन् आता पाणी मागतूस?" तुम्ही तसेच तहानलेले परत आलात. तेव्हा फडाच्या मालकिणीनं रीत घालून दिली. यात्रेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी फडाची हजेरी असते, उन्हात, मंदिरापुढं, गाणीबिणी होतात. त्या हजेरीत विखाररावानं धुतल्या तोंडानं, साध्या कपड्यांत पुढं यायचं, गावाची माफी मागायची, आणि गावातल्या एखाद्या म्हातारीनं त्याला सगळ्यांदेखत तांब्याभर पाणी द्यायचं. त्याला म्हणायचे पाणी मोकळं करणं. ते झालं की तुम्ही त्या गावात कुणाच्याही ओट्यावर बसू शकायचात.

अशी एक हजेरी मी पाहिलीय. आईच्या कडेवरून उतरून गर्दीतून पुढं गेले होते. तुमचा पांढरा सदरा दिसतोय मला, कॉलर फाटलेली. म्हातारी तांब्या कलता करतेय, पाणी तुमच्या हनुवटीवरून गळ्यात ओघळतंय, आणि सगळं गाव टाळ्या वाजवतंय. त्याआधी तुम्ही बोलत होतात, दोन्ही हात जोडून, बराच वेळ. ओठ हलताना दिसतात. आवाज नाही. मी कितीही डोळे मिटून बसले तरी आवाज येत नाही, आणि जास्त ताण दिला तर येतो तो त्याचाच येतो.

मी दहावीत असताना तुमच्या घशात गाठ निघाली. मग उरलासुरला आवाजही गेला. शेवटच्या पावसाळ्यात तुम्ही ओट्यावर बसून असायचात आणि तांब्याही वाजवत नव्हतात, नुसते त्याच्याकडे बघायचात, आणि आई धावत यायची. गेलात तेव्हा लांबलांबची माणसं आली. तुम्हाला बघायला नव्हती आली, विखारराव मेल्यावर कसा दिसतो ते बघायला आली होती. एक जण दारातून वाकून म्हणाला, "आरं, ह्यो तर साधाच माणूस हाये की राव." मला त्याची मुंडी मुरगाळावीशी वाटली. पण तुमच्याबद्दल कुणी काही खरं बोललं असेल तर ते तेवढंच. बाकी सगळे त्या दिवशीही विखाररावाच्याच गोष्टी सांगत बसले होते.

हे सगळं मी कधीचंच गुंडाळून ठेवलं होतं. पण आई आहे ना. आई अजून अवसरीलाच आहे आणि मीही रोज दुकान बंद करून तिथंच जाते. तिला आता काही टिकत नाही. सकाळचं जेवण संध्याकाळी आठवत नाही, आणि मला ती कधी माझ्या नावानं हाक मारते, कधी मावशीच्या. एक दिवस गल्लीत कुणाच्या तरी मोबाइलवर तुमचं हसू वाजलं. मी दचकून आईकडे पाहिलं. वाटलं, घाबरेल, रडेल. तर ती गहू निवडत होती, ते तशीच निवडत राहिली आणि म्हणाली, "ते न्हाई ते. त्यांचं बोलणं असलं नव्हतं." मी म्हटलं, "मग कसलं होतं?" तिनं हात थांबवला. "मऊ व्हतं," ती म्हणाली. "मला हाक मारायचं ना, आगं म्हणायचं, लई हळू." मग तिनं आठवायचा प्रयत्न केला. तोंड उघडलं, तुमच्यासारखं आगं म्हणून दाखवायला, आणि ते काही जमेना. तिचा चेहरा कसा झाला ते मी लिहीत नाही. "मला ऐकव की गं एकदा," ती म्हणाली. "जायच्या आधी ऐकव. तुझ्या त्या बोलत्या डब्यात सगळ्यांचं आसतं, ह्यांचं न्हाई व्हय?"

तेव्हापासून ती हे रोज मागते. दुसरं काही लक्षात राहात नाही तिच्या, हे मात्र राहतं. आणि डॉक्टर म्हणाले होते, जे करायचं ते लवकर करा, हे वाढत जाणार. म्हणून मी शोधायला निघाले. आधी नारायणगावला गेले, जिथं फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे लोक यात्रेसाठी तमाशा ठरवायला येतात. तिथल्या एका मॅनेजरनं मला चहा पाजला, तुमचं नाव ऐकून उठून उभा राहिला, आणि मग सांगितलं की विखाररावाच्या जेवढ्या कॅसेटी निघाल्या त्या सगळ्या वगाच्या. "हजेरी कोण भरतंय ताई? टेप महाग व्हती. हजेरीला काय आसतं?" खरंच आहे. वगात तुम्ही मरायचात, आणि तुम्ही मेलात की लोक टेप बंद करायचे. कुणाकुणाकडे फिरले मी, आबा. सगळ्यांकडे तुम्ही होतात. सगळ्यांकडे तेच हसू. एकानं तर मला आनंदानं सगळ्या वगाची कॅसेट लावून दिली आणि म्हणाला, घ्या, पोटभर ऐका. मी पोटभर ऐकलं. त्या सगळ्या वगात तुमचं स्वतःचं असं एक वाक्य नव्हतं.

शेवटी मंचरमध्येच सापडलं, माझ्या दुकानापासून चार गल्ल्या पलीकडे. एक म्हातारे काका आहेत, पूर्वी यात्रांना स्पीकर भाड्यानं द्यायचे. रात्रीच्या वगाला त्यांना गर्दीत उभं राहून वायरी सांभाळाव्या लागायच्या, मोकळा वेळ मिळायचा तो हजेरीला, म्हणून हौसेनं त्यांनी हजेरीतली गाणी भरून ठेवलेली. मी कोण ते सांगितल्यावर त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. "नाक त्येंचंच हाये," म्हणाले. मग माळ्यावरून पत्र्याची पेटी काढली. कॅसेट दोनदा तुटून चिकटपट्टीनं जोडलेली, त्यांनी पेन्सिलीनं ती सारखी केली. "हाये, पर किती वाजंल त्येचा भरवसा न्हाई बाय," असं म्हणून त्यांनी टेप चालू केला, आणि मी शेजारी माझा मोबाइल धरला.

आधी गाण्याचा शेवट आला, मग ढोलकी थांबली, मग कुणीतरी खाकरलं. आणि मग बोलणं. पातळ आवाज, जरासा नाकातला, अडखळत बोलणारा. मी ते आता पाठ केलंय, म्हणून इथं लिहिते. "मायबापहो, काल राती म्या लई वंगाळ बोललो. तुमचं पाणी तोडलं. ते बोलणं माजं न्हाई, सोंगाचं हाये. बारक्या लेकरांनो, वाटंत दिसलो तर भिऊ नगा. माज्या घरीबी तुमच्याएवढी पोर हाये." मग थांबलेला आवाज. मग, "तीबी भिती मला. तिला कळंल म्होरं." नंतर म्हातारीचं "घे बाबा, मोकळं झालं तुजं पाणी," आणि घटाघटा पाणी पिण्याचा आवाज, आणि टाळ्या सुरू होता होता टेप गुरगुरला आणि कॅसेट आत गुंडाळली गेली. काकांनी ती सोडवायचा खूप प्रयत्न केला. ती पुन्हा वाजायची नाही. माझ्या मोबाइलमध्ये आलं तेवढंच.

मला कळलं नाही पुढं, आबा. मी तुम्हाला भीत होते हे तुम्हाला माहीत होतं, आणि ते तुम्ही परक्या गावाला सांगितलंत. घरी ताट वाजवलंत. एकदा, एका पावसाळ्यात, घसा गेला असता तर गेला असता, मला जवळ बसवून तेवढंच सांगायचं होतं. विखाररावाचं काय नुकसान झालं असतं? एखादा हंगाम जरा घोगरा हसला असता. लोकांनी त्यालाही टाळ्याच दिल्या असत्या.

त्याच संध्याकाळी मी घरी गेले. आईला हातपाय धुवायला लावले, स्वच्छ लुगडं नेसवलं, ओट्यावर बसवलं. म्हटलं, "आई, आबांचं बोलणं आणलंय." ती ताठ बसली. डोक्यावरचा पदर सारखा केला, नवीन लग्न झाल्यासारखा. मी मोबाइल तिच्यापुढं पाटावर ठेवला आणि लावला. तिनं नीट ऐकलं. मान वाकडी करून, एकही शब्द न सोडता ऐकलं. मी तिच्या तोंडाकडे बघत होते, आता ओळखेल, आता ओळखेल. टाळ्या आल्या, संपलं. आई माझ्या कानाशी वाकली आणि बाहेर ऐकू जाऊ नये अशा बेतानं म्हणाली, "कोण पावणं आलंय गं? भला माणूस दिसतोय." मी म्हटलं, "आई, आबा आहेत." ती माझ्यावर रागावली. "वाट चालून आलाय त्यो, आन् तू गप्पा मारतीस व्हय? आदी पाणी दे त्याला." मी पुन्हा लावलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा ती उठायलाच लागली, पाणी आणायला, आणि तिला धड उभं राहता येत नाही. म्हणून मीच उठले. तांब्या भरला, फुलपात्र वर पालथं घातलं, आणि मोबाइलपुढं पाटावर ठेवला. तेव्हा ती शांत झाली. म्हणाली, "प्या हो बाबा. संकोच करू नगा. घर तुमचंच हाये."

त्यानंतर ती तुमचं बोलणं मागत नाही. तेवढीच एक गोष्ट तिच्यात शिल्लक होती, तीही मीच संपवली असं मला वाटतं. आता ती नुसती बसून असते. गल्लीत हसू वाजलं तर मान वर करते आणि सवयीनं म्हणते, ते न्हाई ते. मग कोण होते, हे तिला विचारायचं मी सोडून दिलंय.

हे पत्र कुठं टाकायचं नाहीच. तुम्हाला पाठवायचा पत्ता नाही, आणि आईला वाचून दाखवलं तर ती कोण पावणं म्हणून विचारेल. दुकानात राक्षसाच्या झग्याला आतून एक खिसा आहे, त्यात ठेवीन म्हणते, आणि गॅदरिंग आलं की काढून टाकीन. पण टाकायच्या आधी एक सांगायला हवं, कारण वर मी ते सांगितलेलं नाही, आणि आईवर सगळं ढकलून मोकळं होणं बरं दिसत नाही. स्पीकरवाल्या काकांच्या घरी, टेप चालू होऊन तो पातळ आवाज "मायबापहो" म्हणाला, तेव्हा मला वाटलं यात्रेतला कुणी पंच बोलतोय, काहीतरी सूचना देतोय. मी मोबाइलवरचं रेकॉर्डिंग थांबवलं, उगाच जागा वाया जायला नको म्हणून, आणि विचारलं, "काका, यांचं बोलून झालं की आबा येतात का?" काकांनी टेप थांबवला, थोडा मागं घेतला, आणि फार हळू म्हणाले, "पोरी, हेच की गं तुजं आबा."